आठ बोटांचं मशीन

मुंबई, १२ जून १९७१

चि. विजू,

मामाचा आशीर्वाद घे आणि आधी मला सांग, टायपिंगचा क्लास सोडायचं तुला कुणी शिकवलं? राहीबाईने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड परवा मिळालं. त्यात पाच ओळी पावसाच्या, तीन ओळी शेळीच्या आणि तुझी हकीकत अगदी कोपऱ्यात कोंबलेली. "विजूनं टायपिंग सोडलं, मास्तर म्हन्ला बोटं न्हाईत." माझी बहीण पहिल्यापासून अशीच. महत्त्वाचं ते शेवटी आणि तेही घाईत.

कडबा कापायच्या यंत्रात तुझी डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं, ते ऐकून मला तेव्हा जेवण गेलं नव्हतं. पण म्हणून आठ बोटं कुठे गेली? मास्तर दहा बोटांचं शिकवतो, कारण त्याला तेवढंच येतं. मी फोर्टात टाइपरायटर दुरुस्त करता करता केस पांढरे केले. नुसत्या दोन बोटांनी दावे बडवणारे कारकून पाहिलेत, आणि दहा बोटांनी चुका करणारे त्याहून जास्त.

आमचे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, एकदा घोडेगावच्या बाजारातून एक बैल घेऊन आले. चांगला होता, पण एका खांद्याने उतरता. जुवाखाली त्याची मान सोलून निघायची. लोक म्हणाले, फसलात. बाबांनी अंगणात बसून जू त्या बाजूने तासलं, खाली गोणपाट शिवलं, आणि त्या बैलाने आमची सगळी नांगरट ओढली. मी शेजारी बसून ढलप्या गोळा करत होतो. बाभळीच्या त्या ओल्या लाकडाचा वास अजून आठवतो. जू बैलाला बसवायचं असतं, एवढी एकच विद्या घेऊन मी मुंबईला आलो.

तेव्हा तू असं कर. मोठ्या कागदावर दोन्ही पंजे ठेव, कडेने पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव. बोटं नैसर्गिक पडतील तशी पडू दे, ताणू नको. तुझ्या हाताचं मशीन मी करतो. साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट व्हायचं म्हणत होतीस ना? मग व्हायचं.

दाजींना, म्हणजे तुझ्या दादांना, नमस्कार. शेळीला काय झालं ते मला कळवू नये.

तुझा मामा,
सूर्यभान

*

श्रीरामपूर, वॉर्ड नंबर दोन
२८ जून १९७१

ती. मामांना विजूचा नमस्कार.

कागद सोबत आहे. डावा पंजा काढताना आई शेजारी होती. रेघ करंगळीच्या जागेवरून सरळ गेली तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे निघून गेली. मला तेवढं वाईट वाटलं नाही. हात माझाच आहे, मला रोज दिसतो.

मास्तरांवर रागावू नका. ते वाईट बोलले नाहीत. परीक्षेत वेळ पुरणार नाही, फुकट वर्ष घालवू नकोस, असं समजुतीने म्हणाले. तेच जास्त लागलं. रागावले असते तर मी हट्टाने बसले असते.

खरं सांगते, मला ती नोकरी फार हवी आहे. कारखान्यात आता सगळा कारभार मराठीत चालतो, मराठी टायपिस्ट मिळत नाहीत. हात गेल्यापासून घरात मला कुणी भाकरीसुद्धा थापू देत नाही. आई म्हणते बस, दादा म्हणतात बस. बसून बसून मी म्हातारी होईन. ऑफिसात बसले तर निदान बसण्याचं काही काम तरी होईल.

पण मशीन करायचं म्हणजे तुम्हाला किती त्रास. दुकानाचं काम सोडून करू नका.

तुमची,
विजू

*

मुंबई, २९ ऑगस्ट १९७१

चि. विजू,

मशीन रेल्वेने टाकलं आहे. स्टेशनवर दादांनी स्वतः जावं आणि हमालाला पेटी आपटू देऊ नये. आपटली तर हमालाला आपटावं.

आता नीट वाच. मशीन जुनं आहे, एका वकिलाने टाकून दिलेलं, पण आतून घट्ट आहे. वरची अक्षरं उमटवायला शिफ्टची पट्टी दाबावी लागते आणि ते काम करंगळीचं. तुझ्याकडे डावी नाही आणि उजवीला आधीच कामं फार. म्हणून शिफ्ट सायकलच्या ब्रेकच्या वायरने खाली पायाशी आणली आहे. लाकडी फळी आहे, ती पायाने दाबायची. अनुस्वार आणि मात्रा डाव्या कडेला असतात, आणि मराठीत त्यांच्यावाचून एक ओळ हलत नाही. ती तिथून उचलून तुझ्या उजव्या हाताखाली बसवली. तिथे जी कमी लागणारी अक्षरं होती ती डावीकडे हाकलून दिली. डाव्या मधल्या बोटाला जिथे लांब जावं लागेल तिथल्या बटणांवर शिंप्याकडची कोटाची बटणं चिकटवली आहेत. बोट न बघता सापडेल.

मशीनखाली जुन्या घोंगडीची चौपदरी घडी ठेव. आवाज बसतो आणि मनगट दुखत नाही. रोज काम झालं की रुमाल झाक. आमच्या मुलखातली धूळ मला माहीत आहे, ती देवाच्या डोळ्यातही जाते.

एक महिना स्पीडचा विचार करू नको. पाय आणि हात यांची ओळख होऊ दे.

वेळ लागला, कारण दुकानात गर्दी होती.

मामा

*

श्रीरामपूर, ५ ऑक्टोबर १९७१

ती. मामांना नमस्कार. आधी हसून घ्या, मग पुढचं वाचा.

पेटी घरी आली, फळी दिसली आणि गल्लीत बातमी पसरली की राहीबाईंच्या विजूला मामाने शिवणाचं मशीन पाठवलं. दुसऱ्या दिवशी छबूबाई ब्लाउजचं कापड घेऊन हजर. मी म्हटलं, मावशी, याच्यावर अर्ज शिवता येतो, ब्लाउज नाही. ती रागावून गेली. मग तिच्याच मुलाचा रेशनकार्डाचा अर्ज टाइप करून दिला तेव्हा मिटलं. आता रोज कुणीतरी येतं. गावात पाऊस नाही, कामं नाहीत, अर्ज मात्र भरपूर.

मामा, हात बसला. पहिले काही दिवस पाय आधी आणि बोट नंतर असं व्हायचं. एके दिवशी कळलंच नाही आणि अख्खं पान चूक न होता आलं. मी ते पान आईला दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण तिने सगळ्या ओळींवरून बोट फिरवलं. क्लासच्या मास्तरांनी परत नाव घातलं आहे. परीक्षेला मशीनं टेम्पोतून नगरला जातात, त्यात माझंही नेणार आहेत.

आता वाईट. खंडेनवमीला आईने घरातली विळी, खुरपं, कुऱ्हाड मांडली आणि त्यांच्या ओळीत मशीनही मांडलं. हळदकुंकू वाहिलं ते ठीक. पण वर वाटीभर करडईचं तेल ओतलं, का तर अवजाराला वर्षातून एकदा तेल पाहिजे. सगळी बटणं चिकटून बसली आहेत. आई काल जेवली नाही. काय करू ते लगेच लिहा.

तुमची,
विजू

*

मुंबई, ११ ऑक्टोबर १९७१

चि. विजू,

राहीबाईला सांग, जेव. मशीन मरत नाही.

जुना दात घासायचा ब्रश घे, रॉकेलमध्ये बुडव आणि अक्षरांच्या दांड्या मुळाशी घास. फडक्याने टिप. उन्हात ठेवू नको, सावलीत वारा लागू दे. मग शिवणयंत्राचं तेल काडीच्या टोकाने, थेंबसुद्धा नाही, थेंबाचा वास. तेल कमी पडलं तर मशीन कुरकुरतं, जास्त झालं तर मुकं होतं. छबूबाईच्या शिंप्याकडे मागितलंस तर तेल मिळेलही.

कुंकू मात्र पुसू नको. इथे आमच्या दुकानात खंडेनवमीला झेंडूचा हार घालतात तो विकतचा, त्याला वास नसतो. आमच्या घरी बाबा नांगराला झेंडू वाहायचे तेव्हा ओसरीपर्यंत वास यायचा, आणि राहीबाई त्यातलीच फुलं चोरून वेणीत घालायची. मी चुगली करायचो आणि मारही मीच खायचो. इतकी वर्षं मुंबईत राहून मला इथला एक सण आपला वाटला नाही. घोडेगावच्या बाजारात जनावरांच्या घंटा वाजत असतील का ग अजून? कधीतरी येऊन बघायचं आहे.

अक्षर जरा वेडंवाकडं आलं आहे. टेबलाचा पाय हलतो.

मामा

*

श्रीरामपूर, २० जून १९७२

ती. मामांना नमस्कार.

पुष्कळ दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही दोन कार्डं टाकलीत. लिहायला तोंड नव्हतं.

परीक्षा मी पास झाले. ते कळवायचं राहिलं, कारण त्याच आठवड्यात कारखान्याचं बोलावणं आलं. पेढे द्यायचे ते दोन्हीचे एकदम देऊ असं दादा म्हणाले.

कारखान्यात चाचणी घेतात ती त्यांच्या मशीनवर. माझ्या ते डोक्यातच आलं नाही. तुमच्याही नाही. मी मशीन पोत्यात बांधून बैलगाडीतून नेलं होतं. हेडक्लार्क म्हणाले, बाहेरचं मशीन ऑफिसात चालत नाही, हे समोरचं आहे यावर बसा. मी बसले. मजकूर साधा होता, ऊसतोडीबद्दलचं पत्र. मात्रा मारायला उजवा हात गेला आणि भलतंच अक्षर उमटलं. अनुस्वाराला गेला, तेच. आणि मामा, माझा पाय. फळी नाही हे मला माहीत होतं, तरी माझा पाय प्रत्येक ओळीला फरशी दाबत होता. ठप, ठप. एक कारकून म्हणाला, बाई, पायाला मुंग्या आल्या का? सगळे हसले. मी कागद ओढून काढला, त्यात एक शब्द धड नव्हता.

हेडक्लार्क भला माणूस आहे. हसला नाही. म्हणाला, या मशीनवर तिघे काम करतात, ते तुमच्यासाठी बदलता येणार नाही. गाळपाचा हंगाम सुरू होऊन बॉयलर पेटेल तेव्हा परत या, तोवर जागा ठेवतो. पुढे ठेवता येणार नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. तुमचं बैलाचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं, ते तिला आठवलं. ती म्हणाली, "त्या बैलाचं पुढं काय झालं ते मामानं न्हाई लिवलं? बाबांनी त्यो दोनदा घोडेगावला नेला आन दोनदा माघारी आनला. दुसऱ्याच्या जुवाला मान लावीच ना. कुनी घेतलाच न्हाई त्याला. आमच्याच दारात मेला."

मामा, मी काही वाईट बोलू नये, पण बोलते. तुम्ही मला टायपिस्ट केलं नाहीत. तुमच्या त्या एका मशीनपुरतं केलंत.

विजू

*

मुंबई, ३० जुलै १९७२

चि. विजयमाला हिस,

सूर्यभानराव सांगत आहेत आणि मी त्यांच्या खोलीशेजारी राहणारा गहिनीनाथ लिहीत आहे. त्यांच्या हाताला कामाचं तेल असतं म्हणून. पुढचे शब्द त्यांचे.

राहीबाईचं खरं आहे. बैलाचं मी विसरलो नव्हतो. लिहिलं नाही.

मशीन आता खोलायचं, कारखान्यातल्यासारखं साधं करायचं. मला यायला जमणार नाही, तूच खोल. स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, बारीक पक्कड आणि काढून ठेवलेले मूळचे भाग वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत. एका वेळी एकच सुख काढायचं. आधी पायाची फळी. ब्रेकची वायर सोड आणि शिफ्टची पट्टी मूळच्या जागी अडकव. पाय शांत होईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू नको. मग कोटाची बटणं काढ, खालचा गोंद कोमट पाण्याने सुटेल. मात्रा आणि अनुस्वार सगळ्यात शेवटी. त्यांना कथील वितळवून डाग दिलेला आहे, तो भांड्यांना डाग देणाऱ्याकडून सोडवून मूळच्या जागी बसवून घे, पण त्याच्यासमोर बसून राहा. अक्षर केसभर तिरकं बसलं तर ओळभर तिरकं दिसेल.

मधल्या बोटाला तिन्ही बोटांची कामं शिकव. सुरुवातीला दुखेल.

कळावे.

*

श्रीरामपूर, १७ सप्टेंबर १९७२

ती. मामांना विजूचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलं नाही. तेलाचं कारण मला पटलं नाही. तेल काय आजच लागतं? माझ्या पत्राने तुम्ही दुखावलात, म्हणून परक्या माणसाकडून चार ओळी लिहवल्या, हे मला कळतं. तुम्हाला लागावं हेच मला पाहिजे होतं आणि आता तेच सहन होत नाही. ज्याने मशीन दिलं त्यालाच मी बोलले.

सांगितलंत तसंच केलं. फळी काढली त्या दिवशी मला रडू आलं. पाय बरेच दिवस ऐकत नव्हता. शेवटी मी मांडी घालून स्टुलावर बसू लागले, मग बिचारा गप्प झाला. बटणं काढली. मग मात्रा. डाग देणारे कचरूभाऊ म्हणाले, ज्यानं डाग दिला त्यो लई धीराचा, थेंब कुठं इकडंतिकडं न्हाई. मला तुमचा अभिमान वाटला आणि लाजही वाटली.

मला आता स्क्रू-ड्रायव्हर चालवता येतो. परवा क्लासच्या एका मशीनचा पट्टा अडकला होता, तो मी सोडवला. मास्तर म्हणाले, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, माझे मामा.

मधलं बोट सुजतं. रात्री आई त्याला एरंडाचं पान बांधते. स्पीड जवळजवळ निम्मा झाला आहे. बॉयलर दसऱ्यानंतर पेटणार. पाऊस नसल्याने यंदा हंगाम छोटा आहे, म्हणजे जागाही जपून भरतील. मला भीती वाटते.

राग सोडा.

विजू

*

श्रीरामपूर, २४ ऑक्टोबर १९७२

ती. मामा,

झालं. मला घेतलं.

त्याच मशीनवर, त्याच खुर्चीत. मुंग्यांचं विचारणारा कारकून शेजारीच होता. मी फार जलद मारलं नाही, दोन चुकाही झाल्या, पण पत्र पूर्ण झालं आणि घंटा व्हायच्या आत झालं. हेडक्लार्कनी कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, सोमवारपासून या. मी बाहेर येऊन कडुलिंबाखाली किती वेळ उभी होते कोण जाणे. दादांनी दोन्हीचे पेढे एकदम वाटले.

आपलं मशीन आता अगदी चारचौघांसारखं झालं आहे. गल्लीतल्या दोन मुली संध्याकाळी त्याच्यावर शिकायला येतात. पूर्वी त्यांच्या हाताला ते जमलं नसतं.

मामा, आता तरी दोन ओळी स्वतः लिहा. मी पास झाले तरी तुम्ही बोलत नसाल तर माझी नोकरी काय चाटायची आहे?

विजू

*

मुंबई, ६ नोव्हेंबर १९७२

चि. विजू,

लिहिणारा पुन्हा गहिनीनाथच. सांगणारा मी.

वेडे, तुझ्यावर कोण रागावेल? तू बोललीस ते रास्त होतं. मला एवढंच वाईट वाटलं की ते मला आधी सुचलं नाही.

आता नोकरी लागली, म्हणून खरं सांगतो. माझा हात हलतो. टेबल नाही, हात. तुझी बोटं गेली त्याच्या आधीपासूनच हलत होता. मालकाने मला मशीनवरून उठवून रिबिनी गुंडाळायला बसवलं. दुकानात गर्दी होती म्हणून वेळ लागला असं लिहिलं, ते खोटं. तुझं मशीन मी रविवारी खोलीवर केलं. उजवं मनगट डाव्या हाताने धरायचं, श्वास रोखायचा आणि मग डाग द्यायचा. कितीदा चुकला, कितीदा काढला. ते मशीन मी शेवटचं केलं. यापुढे माझ्याने व्हायचं नाही.

म्हणून खोलायला मला येता आलं नाही. हा हात घेऊन आलो असतो तर राहीबाईला दिसलं असतं. आणि तुला आधी सांगितलं असतं तर तू त्याला हात लावला नसतास. पायाची फळी काय, कोटाचं बटण काय, एकही काढलं नसतंस आणि बॉयलर पेटून गेला असता. तू खोललंस ते बरं केलंस. आता त्याच्यावर पोरी बसतात हे ऐकून फार बरं वाटलं.

सूर्यभान

ताई, मी गहिनीनाथ. माझ्याकडून पत्र लिहवून घेतात आणि पूर्ण झालं की मला परत परत वाचायला लावतात. तुमची पत्रंही पाठ झाली आहेत. या वेळी खाली त्यांनी स्वतः लिहिलं आहे. पुष्कळ वेळ लागला, मी धरतो म्हटलं तर धरू दिलं नाही. लागेल तर कागद लांब धरून वाचा.

शाबास पोरी

*

श्रीरामपूर, १३ नोव्हेंबर १९७२

मामा,

पत्र ऑफिसात मिळालं. मी तिथेच रडले आणि कुणी हसलं नाही.

तुम्ही माझ्या हाताने तुमचं शेवटचं मशीन मोडायला लावलंत. कुठे कोणता स्क्रू आहे हे एकेक करून सांगितलंत, आणि मी इकडे तुम्ही रुसलात असं धरून बसले होते. याची भरपाई मला करता येणार नाही, म्हणून ती मी करत बसत नाही. पुढचं सांगते.

शनिवारच्या गाडीने मी आणि दादा तुम्हाला न्यायला येतो. गहिनीनाथभाऊंनी सामान बांधून ठेवावं. मामांनी नाही म्हटलं तरी बांधावं.

कारखान्यात मशीनं पुष्कळ आहेत. एक बिघडलं की पुण्याहून माणूस येईपर्यंत पत्रं हाताने लिहावी लागतात. मी हेडक्लार्कना सांगितलं की माझे मामा मुंबईच्या फोर्टातले कारागीर आहेत, ते खुर्चीवर बसून सांगतील आणि मी उघडीन. ते म्हणाले, मामांचे हात? मी म्हटलं, हात माझे आहेत. ते थोडा वेळ माझ्या डाव्या पंजाकडे बघत राहिले आणि म्हणाले, आणा.

आईला तुमच्या हाताचं सांगितलं. तिने पडवीत खाट टाकली, गोधडी उन्हात घातली आणि मग माझ्यावरच खेकसली, "दोन वर्सं पोराचा हात हालतोय आन मला कुनी सांगत न्हाई." मामा, तिच्या लेखी तुम्ही अजून पोरच आहात. ती खाट तुम्ही येईपर्यंत तशीच राहील, आणि तुम्ही आल्यावर ती काढायची नाही, असं ठरलं आहे.

विजू